आधी जागा, मग पाखरू

पिंजरा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आपल्याकडे फार थोड्यांना आहे. प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह बोलत नाहीत, आणि तुरुंगवास भोगून आलेले पुढारी बोलायला लागले की थांबत नाहीत. राहता राहिलो आम्ही बँकेतले कॅशियर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षं शेहेचाळीस, आणि त्यातली बावीस वर्षं मी बँकेच्या कॅश काउंटरमागं काढली आहेत. त्या जागेला आमच्याकडे काउंटर कुणी म्हणत नाही. 'पिंजरा' म्हणतात. "आज पिंजऱ्यात कोण आहे?" असं मॅनेजरसाहेब विचारतात आणि सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. समोर जाळी, खाली नोटा सरकवायची फट, मागं भिंत, आणि डोक्यावर असा एक पंखा की ज्याचा वारा फक्त नोटांना लागतो. तेव्हा मी पुढं जे लिहिणार आहे ते ऐकीव नाही. बसीव आहे.

माझी तक्रार साधी आहे. लोक पाखरू दुकानात पसंत करतात, पिंजराही दुकानातच पसंत करतात, आणि घरी आल्यावर "आता हे ठेवायचं कुठं?" असं एकमेकांना विचारतात. हा क्रम साफ उलटा आहे. आधी जागा, मग पिंजरा, आणि सगळ्यात शेवटी पाखरू. एवढंच सांगायचं आहे. पण एवढंच सांगितलं तर कुणाला पटत नाही, असा अनुभव असल्यामुळे सविस्तर सांगतो.

आमच्या कन्येला दहावीला बरे मार्क पडले. असे मार्क पडले की मोबाइल द्यायचा असा करार हल्ली घरोघरी असतो. कन्या म्हणाली, "बाबा, मोबाइल नको, मला पक्षी हवा." मला वाटलं, स्वस्तात सुटलो. बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब किती कच्चा असतो, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

डोंबिवलीतल्या एका दुकानात आम्ही गेलो. तिथं एक पक्षी बसला होता. हळदीसारखा पिवळा, तोंड आणि पोट केशरी, पंखांवर हिरव्या-निळ्या रंगाचा हात फिरवलेला, चोच काळीभोर. हापूस आंब्यानं पोपटाचा जन्म घ्यायचं ठरवलं तर तो असाच दिसेल. "सन कॉन्युर आहे साहेब," दुकानदार म्हणाला. कॉन्युर हा शब्द त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातून आला आणि त्या नावाच्या मुळाशी 'शंकूसारखी शेपटी' असा ग्रीक अर्थ आहे, हे मला कन्येनं रिक्षात सांगितलं. म्हणजे मराठीत शंकूशेपट्या. लांबी शेपटीसकट एक फूट, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. आवाज मात्र क्विंटलात मोजावा लागतो. तो भाग दुकानदारानं सांगितला नाही.

पक्षी कागदपत्रं झाल्यावर मिळणार होता. या कागदपत्रांचीही गंमत आहे. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आजोबांच्या ओसरीवरचा तो 'विठू विठू' म्हणणारा मिठू आज असता तर आजोबांना जामीन शोधावा लागला असता. परदेशी पोपटांना मात्र बराच काळ कुणी हटकत नव्हतं. पुढं २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली त्याचे नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतला असा जिवंत पक्षी बाळगायचा तर त्याची रीतसर नोंदणी हवी, हस्तांतराची नोंद हवी, मेला तर मेल्याचीही नोंद हवी. जन्मभर मी लोकांकडे केवायसी मागितलं, आणि नियतीनं मला पोपटाचं केवायसी भरायला बसवलं. मी तक्रार करत नाही. उलट माझं म्हणणं असं की त्या अर्जात एक रकाना कमी आहे. 'पक्षी ठेवणार कुठं?' असा.

कागद होईपर्यंत दुकानदारानं आम्हाला पिंजरा दिला. "पक्ष्यावर फ्री आहे साहेब," असं म्हणून त्यानं एक सोनेरी, गोल, घुमटाचा, वर कळस असलेला पिंजरा काढला. तो पिंजरा म्हणजे लग्नाचा रुखवतच. खाली झालर, मध्ये झोका, आत बोटभर जाडीची गुळगुळीत दांडी. सौभाग्यवतींनी तो हॉलमध्ये पडद्यांशेजारी टांगला. सोनेरी पिंजरा आणि चॉकलेटी पडदे अगदी एकमेकांसाठी जन्माला आल्यासारखे दिसत होते. चार दिवस शेजारीपाजारी येऊन पिंजऱ्याची तारीफ करून गेले. पक्षी नव्हताच, पण त्याची उणीव कुणालाही भासली नाही. इथंच मला शंका यायला हवी होती.

शंका आली कन्येला. तिनं कंपासपेटीतली पट्टी काढून पिंजरा मोजला. आतून व्यास चौदा इंच. "बाबा, पक्षी बारा इंचांचा आहे. हा यात वळणार कसा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, पोपटाला काय करायचंय वळून?"

वाचकहो, माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

पोपटाला वळून काय करायचंय? मी सांगतो. बँकेत माझ्या पिंजऱ्यात खुर्ची मागं सरकवायला जागा नाही. शाखेचं नूतनीकरण झालं तेव्हा मॅनेजरसाहेबांची केबिन, सोफा आणि कृत्रिम फुलांची कुंडी यांची जागा आधी ठरली, आणि मग आर्किटेक्टनं विचारलं, "कॅशियर कुठं बसवायचा?" जी जागा उरली होती, तीत मला बसवलं. आज माझ्या कमरेला पट्टा आहे. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही हालचाल करत नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, मी करतो हो, पण भिंत करू देत नाही."

तर पक्ष्याच्या बाबतीत हिशेब असा आहे. दोन्ही पंख पूर्ण पसरले तरी सळयांना टोक लागता कामा नये, हा पहिला नियम. सन कॉन्युरला निदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच जागा लागते, आणि ही किमान आहे. बँकेतल्या मिनिमम बॅलन्ससारखी. तेवढी असली म्हणजे खातं बंद होत नाही, याचा अर्थ खातेदार श्रीमंत आहे असा होत नाही. आणि उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पाखरू आडवं उडतं, लिफ्टसारखं वरखाली जात नाही. घुमटाच्या उंच पिंजऱ्यातली वरची निम्मी जागा फक्त कळसाच्या उपयोगाची असते. शिवाय गोल पिंजऱ्यात कोपरा नसतो, आणि भ्यालेल्या जिवाला कोपरा लागतो. आपण नाही का, साहेब चिडले की रेकॉर्डरूमच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत? घुमटात सळया वर एकत्र येतात तिथं बोटं आणि चोच अडकायची भीती ती वेगळीच. पोपट पायांइतकाच चोचीनं चढतो, त्यासाठी निदान दोन बाजूंना आडव्या सळया हव्यात. आणि दोन सळयांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच, त्याहून जास्त नाही. नाहीतर तो डोकं बाहेर काढतो, आणि डोकं बाहेर काढणं नेहमीच आत घेण्यापेक्षा सोपं असतं.

हे सगळं मी कन्येकडून आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून शिकलो, आणि एक कागद घेऊन गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे गेलो. त्यानं माप बघितलं. "कुत्रा कुठला आहे साहेब?"

"पोपट आहे."

"एवढा मोठा पोपट?"

"पोपट लहानच आहे. जागा मोठी आहे."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी कर्ज मुदतीआधी फेडणाऱ्या माणसाकडे पाहतो. मग तो म्हणाला, "जीआयची जाळी मारून देतो, स्वस्तात पडेल." जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. इथं मात्र मी अडलो. पोपट दिवसभर सळया चावतो, मुलाम्याचं जस्त पोटात जातं आणि जस्त पक्ष्याला विषासारखं बाधतं. शिशाचंही तेच. तेव्हा स्टेनलेस स्टील. किंमत तिप्पट. फुकटच्या पिंजऱ्यापायी मी अकरा हजार रुपये मोजले, आणि स्वस्तात सुटलो या माझ्या वाक्याचा असा निकाल लागला.

पण खरी लढाई पैशांची नव्हती, जागेची होती. तीन फूट लांब, दोन फूट रुंद पिंजरा वन बीएचकेत आणायचा म्हणजे हत्ती लोकलच्या डब्यात चढवायचा.

"स्वयंपाकघराच्या दारात ठेवा," सौभाग्यवती म्हणाल्या. नाही ठेवता येत. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या लेपातून वास नसलेला वायू सुटतो आणि त्यानं पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असतं, त्यामुळे हवेतलं चांगलं तेवढंच वाईटही ते झपाट्यानं ओढून घेतं. देवघराच्या बाजूला? उदबत्ती आणि धूप. डासांची कॉइलही त्याच हिशेबात. बाल्कनीत? दुपारचं ऊन, मांजर आणि कावळे. बेडरूममध्ये? तिथं कपाट उघडलं की माणसाला पलंगावर चढून उभं राहावं लागतं. राहिला हॉल. हॉलमध्ये खिडकीजवळ आईचा दिवाण, त्यासमोर टीव्ही, आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठीला आधार मिळेल अशा नेमक्या जागी, आमचं शोकेस.

या शोकेसमध्ये काय होतं याची यादी देतो. लग्नातला सहा कपांचा टी-सेट, एकदाही न वापरलेला. प्लास्टिकचा ताजमहाल, आत दिवा लागणारा, आता न लागणारा. आंतरशाखीय कॅरम स्पर्धेतला माझा दुसऱ्या क्रमांकाचा कप. स्पर्धेत दोनच शाखा होत्या. दोन बाहुल्या, एक शंख, आणि किल्ली हरवलेली एक तिजोरीछाप गल्लापेटी. म्हणजे घरातल्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात ज्याला श्वास लागतो असं एकही काही नव्हतं.

"पाखराला कोपरा आणि माझ्या कपबश्यांना माळा?" सौभाग्यवतींचा आवाज चढला. "अहो, माणसांना जागा नाही या घरात!"

यावर कन्या शांतपणे म्हणाली, "आई, आंघोळीला जाशील ना, तेव्हा दोन्ही हात पसरून बघ." आमची बाथरूम तीन बाय चार आहे. सौभाग्यवती आंघोळीला गेल्या. बाहेर आल्या त्या कुणाशी बोलल्या नाहीत. रद्दीतले चार पेपर घेतले आणि एकेक कप गुंडाळायला सुरुवात केली. माझा कॅरमचा कप त्यांनी पेपरशिवायच माळ्यावर टाकला, पण ते जाऊ दे.

पिंजरा बसला. आता आतली मांडणी. बाजारातली गुळगुळीत, सारख्या जाडीची दांडी मी फेकून दिली. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात, आणि जन्मभर एकाच जाडीची दांडी धरली की तळव्याच्या ठरावीक जागी दाब येऊन फोड होतात. त्याला झाडाची खरी फांदी हवी, कुठं जाड, कुठं बारीक. आमच्या सोसायटीतल्या पेरूची फांदी फवारणी न झालेली बघून तोडली, घासून धुतली, उन्हात वाळवली आणि वेगवेगळ्या उंचीवर तीन ठिकाणी बसवली. खाण्या-पिण्याची भांडी फांदीच्या खाली ठेवायची नाहीत; का ते ज्यांनी झाडाखाली स्कूटर लावली आहे त्यांना सांगायला नको. तळाला पेपर अंथरायचा, रोज बदलायचा. आम्ही अर्थविषयक पान वापरतो. शेअरबाजारावरचं पक्ष्याचं मत मला माझ्या मतापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं.

पक्षी आला. कन्येनं नाव ठेवलं मँगो. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं मराठीकरण करून 'आंब्या' केलं. तो दोन्हींना ओ देत नाही, पण आई मोडाच्या मुगाची वाटी घेऊन गेली की दांडीच्या टोकाला येऊन बसतो. तिनं एकदा हिरवी मिरची दिली, ती त्यानं बियांसकट चवीनं खाल्ली. मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही म्हणे. आई म्हणाली, "कोकणातला आहे." तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या बाजूचा आहे, हे मी सांगितलं. आई म्हणाली, "असेना. समुद्राकडचा ना?"

तिसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो तर आंब्या टीव्हीवर बसलेला. दाराची कडी त्यानं चोचीनं उचलली होती. नशीब छताचा पंखा बंद होता. पंख्यानं मोकळ्या पाखरांचे जीव जातात, तेव्हा दार उघडायच्या आधी पंखा बंद, हा आमच्या घरातला मे महिन्यातसुद्धा न मोडणारा कायदा आहे. त्या दिवसापासून कडीला कुलूप आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तशी एक कन्येकडे, एक आईकडे. माझ्याकडे कुणी दिली नाही.

मग डॉक्टरांनी ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. "याला रोज दहा-बारा तास शांत, अंधारी झोप लागते. नाहीतर चिडचिडा होईल, पिसं उपटेल." कन्येनं घरी येऊन टीव्हीवर कागद चिकटवला: 'रात्री ९ ला बंद. पक्षी झोपला आहे.' नऊला टीव्ही बंद, हॉलमधला दिवा बंद, पिंजऱ्यावर सुती चादर. माझ्या रात्री साडेअकरापर्यंतच्या क्रिकेटचा आणि सौभाग्यवतींच्या मालिकेचा बळी गेला. आम्ही कुरकुरलो, पण ऐकलं. मुक्या जनावराचा प्रश्न होता.

दहा दिवस गेले असतील. सकाळी आई चहा घेताना म्हणाली, "अरे, काल मला सलग झोप लागली. मध्ये एकदाही जाग नाही. हा आंब्या भाग्याचा आला हो."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. वडील गेल्यानंतर गेली सहा वर्षं आई त्या दिवाणावर झोपते आहे. तिच्या पायापासून चार फुटांवर टीव्ही. सहा वर्षं रोज मी रात्री तिला विचारत होतो, "आई, आवाजाचा त्रास होत नाही ना?" आणि ती म्हणत होती, "नाही रे, मी डोळे मिटून पडलेय." डोळे मिटून पडण्याला आम्ही सहा वर्षं झोप म्हणत होतो. तिच्यासाठी टीव्हीवर कागद चिकटवावा असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पक्ष्यासाठी ते तीन दिवसांत झालं, कारण पक्ष्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि पक्षी 'मला काही होत नाही' असं म्हणत नाही. तो कर्कश ओरडतो. आई ओरडली नाही म्हणून तिला उरलेली जागा आणि उरलेली झोप मिळाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा प्रश्न पिंजऱ्याचा नाहीच, उरलेल्या जागेचा आहे. आपण सोफा ठरवतो, टीव्ही ठरवतो, शोकेस ठरवतो, आणि मग जिवंत मंडळींना सांगतो, "जरा सरकून घ्या." कॅशियरला सांगतो, म्हाताऱ्यांना सांगतो, पाखराला सांगतो. ज्याला बोलता येतं तो "चालेल, चालेल" म्हणतो. ज्याला बोलता येत नाही तो पिसं उपटतो.

यावर लोक मला दोन आक्षेप घेतात. पहिला, "आमच्या आजोबांकडे डब्याएवढ्या पिंजऱ्यात पोपट होता, वीस वर्षं जगला." जगला हो. पण खातं वीस वर्षं चालू होतं म्हणजे त्यात व्यवहार होत होते असं नाही. आमच्या बँकेत अशा खात्यांना निष्क्रिय म्हणतात. दुसरा आक्षेप थोर लोकांचा. "एवढी दया येते तर सोडून द्या की त्याला!" पिंजऱ्यात जन्मलेलं, परमुलखातलं पिवळंधमक पाखरू डोंबिवलीच्या आकाशात सोडणं म्हणजे मुक्ती नव्हे, कावळ्यांना जेवण आहे. दया दाखवायची वेळ विकत घेण्याच्या आधीची होती. रानातल्या सन कॉन्युरची संख्या याच हौसेच्या व्यापारापायी इतकी घटली, की आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. त्याच्याच गोतावळ्यातला उत्तर अमेरिकेतला कॅरोलिना पोपट तर संपलाच. पिकांचा शत्रू म्हणून गोळ्या घातल्या, बायकांच्या टोप्यांवर पिसं खोवली, आणि शेवटचा पक्षी १९१८ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तोही पिंजऱ्यातच. म्हणून मी म्हणतो, घेऊच नये हे उत्तम. घेतलाच, माझ्यासारखा अडाणीपणानं घेतलाच, तर निदान त्याची जागा उरलेली नसावी.

आणि कॉमर्सचा माणूस म्हणून मुदतीचंही बोलतो. नीट सांभाळलेला कॉन्युर वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो. मी साठाव्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा आंब्या ऐन तारुण्यात असेल. कन्या शिकायला जाईल, लग्न करेल, किंवा करणार नाही. पक्षी इथंच असेल. पंचवीस वर्षांची ही ठेव मुदतीआधी मोडता येत नाही. तिला नॉमिनी लागतो. आम्ही घरच्या घरी एका कागदावर कन्येचं नाव लिहून सह्या केल्या आहेत. साक्षीदार म्हणून आईनं सही केली.

आवाजाचं म्हणाल तर तक्रार आली. सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी सातला दारात. "तुमचा पक्षी ओरडतो." मी सांगितलं, हा थव्यानं राहणारा पक्षी आहे, सकाळ-संध्याकाळ तो बाकीचे कुठं आहेत म्हणून हाका मारतो, आणि इथं बाकीचे म्हणजे आम्हीच. कुणीतरी लगेच उत्तर दिलं की कमी ओरडतो. सेक्रेटरी म्हणाले, "मग उत्तर देत चला." आता सकाळी आई उत्तर देते, संध्याकाळी मी दारातूनच देतो. गेल्या आठवड्यात मला उशीर झाला तर वरच्या मजल्यावरून सेक्रेटरींनीच खिडकीतून "आंब्या, आलो रे!" असं ओरडून दिलं.

तुम्ही म्हणाल, एवढं करून शेवटी पिंजरा तो पिंजराच. मान्य आहे. माझ्या बँकेतल्या पिंजऱ्याची कडी आतून आहे. पाच वाजता, कॅश जुळली असेल तर, मी ती उघडून घरी येतो. आंब्याची कडी बाहेरून आहे. ज्याची कडी आपल्या हातात आहे, त्याच्या जागेचा हिशेब आपण मांडायचा असतो. त्याच्याकडे मागणीअर्ज करायची सोय नाही.

घुमटाचा सोनेरी पिंजरा फेकला नाही. स्वयंपाकघरात टांगून आम्ही त्यात कांदे-लसूण ठेवतो. हवा छान खेळते.

परवा आमच्या कर्ज विभागातले एक सहकारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. मुलाचा वाढदिवस आहे, त्याला असाच पक्षी हवा आहे, पिंजरा कुठला घेऊ, असं विचारत होते. हल्ली मी या बाबतीत एकच प्रश्न विचारतो. त्यांनाही विचारला.

"घरातलं काय हलवणार?"

"हलवायचं कशाला?" ते म्हणाले. "टीव्हीच्या बाजूला दीड फूट जागा उरते आहे की!"

"मग पितळेचा घ्या," मी म्हटलं आणि पुढची नोटांची थप्पी मोजायला घेतली.